कान्हे फाट्यावरून माघारी

१

सकाळचे दहा वाजून गेले, तरी लोणावळ्याच्या त्या सभागृहात एकही माणूस आला नव्हता.

भागुबाईनं पहाटेच खुर्च्या मांडल्या होत्या. एकशे अठरा नावं नोंदवलेली, म्हणून एकशे वीस खुर्च्या. अकरा वर्षं ती या सभागृहाची राखण करत होती. नेतृत्व, शेतीचं धोरण, राज्यकारभार, शिक्षण, कसली कसली व्याख्यानं तिनं मागच्या दाराशी उभं राहून ऐकली होती. पुढच्या व्याख्यानांची यादी दारातल्या फळ्यावर तीच लिहायची. त्या फळ्यापायी ती पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली. नवरा गेल्यापासून मागच्या खोलीत एकटीच राहायची. दोन व्याख्यानांच्या मधल्या दिवसांत तिचा आवाज तिलाच ऐकू यायचा नाही. माणसं कमी आलेली तिनं पुष्कळदा पाहिली होती. एकही न आलेली सभा मात्र आजच पाहत होती.

व्यासपीठावर भिकाजीआबा बसले होते. वय शहात्तर, अंगात धुतलेला सदरा, मांडीवर कागदांची चळत. आंदर मावळातल्या पिंपळखिंडीचे हे जुने सरपंच. बावीस वर्षांपूर्वी पाण्याच्या टंचाईत त्यांनी ठराव केला होता, की पाऊस लागेपर्यंत शेतातली बोअर बंद. मोटारींचे स्टार्टर काढून ग्रामपंचायतीत आणून ठेवले. गावाला प्यायला पाणी पुरलं, पण कितीकांचे मळे वाळले. पुढच्या निवडणुकीत गावानं आबांना पाडलं. ते जे गावाबाहेर पडले, ते लोणावळ्यात येऊन एकटे राहिले, पुन्हा तिकडं फिरकले नाहीत. आजचं व्याख्यान त्यावरच होतं, ‘गावाचं पाणी, गावाचं धोरण, आणि एका सरपंचाच्या चुका’. नावं नोंदवलेली माणसं सगळी त्याच गावची आणि आजूबाजूच्या वाड्यांची.

आदल्या संध्याकाळी भागुबाईच्या खोलीत चहा पिताना आबा म्हणाले होते, “सोमवारी चारला लेक न्यायला येतीय. बडोद्याला, कायमचं. मी अजून हो म्हटलं नाही. उद्या निम्म्या खुर्च्या भरल्या ना भागुबाई, तर गावातलं घर उघडीन अन् तिथंच राहीन. नाही भरल्या, तर जाईन लेकीबरोबर. नको असलेल्या माणसानं गावात कशाला मरायचं?”

आता ते समोरच्या खुर्च्यांकडं पाहत होते. व्याख्यानमालेचं काम बघणारी शुभदा, कॉलेजात शिकवणारी मुलगी, दारात आणि आत अशा नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

साडेदहाला दारात बस थांबली. शुभदा धावली. बसमधून एकटा पवन उतरला. कान्हे फाट्यावरून दोन खेपांत माणसं आणायला तो पहाटेच बस घेऊन गेला होता.

“माणसं कुठायत?” शुभदानं विचारलं.

“आलीवती, मॅडम. टेम्पोनं, मोटरसायकलनं, शंभर-सव्वाशे मानूस फाट्यावर उतरलं.” पवननं एकदा आत बघितलं आणि आवाज खाली आणला. “आन् बसमदी न चढता सगळं माघारी गेलं.”

२

भागुबाईनं त्याला मागच्या खोलीत नेलं, पुढ्यात चहा ठेवला.

“आता पयल्यापासून सांग. तू कुटं हुबा व्हतास?”

“न्हेमीच्या जागी. स्टेशनच्या अंगाला, ह्या व्याख्यानाचा फ्लेक्स लावलाय त्याच्या पाठीमागं. माणसं पल्याडच्या रस्त्यानं आली. साडेसात झालं असंल. थोडा वेळ हुबी ऱ्हायली. मग आदिनाथ सरपंच गाडीतनं उतरला. त्यानं फोन लावला, दोन-चार मानसांशी बोलला, आन् सगळी फिरली.”

“तुला काय म्हनला?”

“मी हाक मारली, ‘सरपंच, बस तयार हाय.’ तर फ्लेक्सकडं हात करून म्हनतो कसा, ‘बघतोयस ना? आता काय जायाचं ऱ्हायलंय?’ आमचं त्याचं आधीच वाकडं, बसस्टँडच्या जागेवरनं. मी म्हटलं, जा बाबा, तुझं तू बघ. तरी कुनी परत येतंय का म्हनून साडेनऊपातूर थांबलो.”

“तू बघितलंस फ्लेक्सकडं?”

“काय बघायचं? माझ्याकडनं नुसता बांबू आन् कापडाची पाठ दिसती.”

शुभदा दारात येऊन ऐकत होती. ती म्हणाली, “आदिनाथच. मला ठाऊकच होतं. मागच्या महिन्यात येऊन सांगून गेला होता, नव्या नेतृत्वाला बोलवा, जुन्यांच्या चुका ऐकून काय मिळणार? बहिष्कार घातलाय त्यानं.”

“तुमच्या फोनवर कुनी केलता का फोन? फ्लेक्सवर नंबर तुमचाच हाय.”

शुभदानं फोन काढला. सकाळी तिनं तो आवाज बंद करून ठेवला होता, माइक तपासायचा होता म्हणून. एकाच नंबरवरून तीन वेळा फोन येऊन गेला होता, सात चाळीस, सात बेचाळीस, सात पन्नास. तिनं उलटा लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. खिंडीपलीकडं गेल्यावर कुणाच्याच फोनला रेंज नसते.

“आदिनाथचाच नंबर,” पवन म्हणाला.

भागुबाई विचारात पडली. “बहिष्कार घालनारा मानूस तीनदा फोन कशाला करंल, शुभदाताई? त्याला काय तरी इचारायचं व्हतं.”

“की बजावायचं होतं?”

मागं पावलं वाजली. आबा कधी खाली उतरून आले होते कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे फाट्यापर्यंत आले आणि ठरवून परत गेले.” त्यांनी कागदांची घडी घातली, पुन्हा एकदा घातली. “घरीच बसले असते तर एवढं लागलं नसतं, भागुबाई. शुभदा, लेकीला फोन लावून द्या. सांगा, बॅग भरून ठेवतो.”

३

सोमवारी सकाळी भागुबाई लोकलनं कान्ह्याला उतरली. चार वाजायला आठ तास होते.

फ्लेक्स जागेवर होता. स्टेशनकडून येणाऱ्याला त्याची पाठ दिसायची, आणि पाठीशी दोन टपऱ्या, एक सत्यमची चहाची आणि तिला लागून नंदाबाईची फुलांची.

“काल इथं काय झालं रं, सत्यम?”

“काय झालं ते मलाबी कळलं न्हाई, मावशी. एवढी मानसं बगून मी मोठं पातेलं चढावलं. एकानं चहाला हात लावला न्हाई. फ्लेक्सच्या पल्याड सगळी हुबी, तोंडं माझ्याकडं. मला वाटलं माझ्याकडंच बगत्यात. म्हातारी मानसं टोप्या काढून काखेत धरून हुबी. बायांनी पदर तोंडाला लावलेला.”

“शिवीगाळ? घोषणा?”

“छ्या! एवढी मानसं आन् जरासुदिक आवाज न्हाई. म्या तर गिऱ्हाइकाला मोठ्यानं हाक मारली आन् मलाच लाजल्यासारखं झालं.”

भागुबाईला रागावलेली माणसं माहीत होती. सभागृहात ती खुर्च्या सरकवत उठतात, दार आपटून जातात. रागावलेला माणूस टोपी काढत नाही.

ती नंदाबाईच्या टपरीशी गेली. नंदाबाई तिच्याच वयाची, पिंपळखिंडीचीच सून, नवरा गेल्यावर फाट्यावर येऊन राहिलेली. दोघींची ओळख जुनी. पण दोघींनाही आपापली जागा सोडून जाता येत नसे, म्हणून भेट वर्षातून एखाद्या वेळीच व्हायची.

“भिकाजीआबांचं भाषन कसं झालं गं?” नंदाबाईनंच आधी विचारलं. तिचा चेहरा फुलला होता. “मला यायचं लय मनात व्हतं. पन टपरी कुनावर टाकू? आमच्या वक्ताला त्या मानसामुळं दोन हंडे पानी घरात यायचं. म्या माझ्याकडनं काय कमी केलं न्हाई. पाव्हना येतोय तर तोरन नको? पहाटं सहाला खोक्यावर चढून हितनंच बांधलं, पल्याड टाकून. आंब्याचा टाळा मिळाला न्हाई, मग नुसती फुलंच ओवली, झेंडू आन् शेवंती, हाताएवढं जाड. चांगलं लांबलचक केलं, मापात कशाला करायचं?”

“कुटं हाय ते?”

“शेरडांनी खाल्लं की! बांधून झाल्यावर बाजाराला फुलं आनाया गेले ती नऊच्या सुमाराला आले, तवा केरकचऱ्यागत ओढून खात व्हती मेली. म्या हाकलंस्तवर दोरा ऱ्हायला नुसता.”

ती फ्लेक्सला वळसा घालून पलीकडच्या रस्त्यावर गेली, पिंपळखिंडीहून माणसं येतात त्या बाजूला, आणि वर पाहिलं. बांबूच्या दोन वरच्या टोकांना दोरा बांधलेला होता. मधला तुटून लोंबत होता. खाली शेवंतीच्या चार पाकळ्या चिखलात वाळल्या होत्या.

दोन टोकांना बांधलेलं, पानांशिवायचं, जाड आणि लांब तोरण. ओझ्यानं ते मध्ये किती खाली आलं असेल, हे तिनं डोळ्यांनी मापलं. आबांच्या फोटोच्या दोन्ही खांद्यांवरून खाली, आणि त्याखालचा वार, वेळ, ठिकाण सगळं झाकून. वर उरला असेल फक्त आबांचा चेहरा आणि नाव.

ती तिथंच रस्त्याकडेच्या दगडावर बसली.

नंदाबाई टपरीतून ओरडून विचारत होती, “काय गं, काय दिसतंय तिकडनं?”

४

फोन करून फाट्यावर बोलावून घेतलेली पवनची बस पिंपळखिंडीच्या रस्त्याला लागली. पन्नास जणांच्या बसमध्ये भागुबाई एकटी. दोन्ही बाजूंना भाताची कापणी अर्धी झालेली, खाचरांत पेंढ्या आडव्या पडलेल्या.

“मावशी, आदिनाथला जाब इचारायचा ना? मी हाय संगं.”

“जाब न्हाई इचारायचा. त्याला एक बातमी द्यायची हाय.”

गावात शिरल्यावर बस शाळेपाशी थांबली. शाळेच्या ओट्यावर खुर्ची, खुर्चीवर ग्रामपंचायतीतला भिकाजीआबांचा जुना फोटो, त्याला हार, पुढं विझत आलेली समई. आदिनाथ सरपंच चार माणसांबरोबर बाहेर पडायच्या तयारीत होता. सगळ्यांच्या अंगात पांढरे सदरे.

“भागुबाई ना तुमी, हॉलवरच्या?” आदिनाथ जवळ आला. “आमी तुमच्याकडंच निगालोवतो, आबांच्या लेकीला भेटायला. काल तीनदा फोन केला, कुनी उचलला न्हाई. म्हटलं, घरात मयत झालेली, मानसं गडबडीत असत्याल, सारखं छळायचं बरं दिसत न्हाई. कधी गेले आबा? परवा रात्री? मातीबी उरकली असंल म्हनून फाट्यावरनंच माघारी फिरलो.”

“आबा गेले न्हाईत,” भागुबाई म्हणाली. “काल दहा वाजता धडधाकट बसून तुमची वाट बघत व्हते.”

आदिनाथ तिच्याकडं बघतच राहिला. मागच्या एकानं हळूच ओट्यावर चढून समई फुंकली.

मग भागुबाईनं सगळं उलगडून सांगितलं. टोप्या काढलेल्या, चहा तसाच राहिलेला, एवढ्या माणसांत आवाज नाही, म्हणजे राग नव्हे, सुतक. तीन फोन, म्हणजे विचारपूस. पवनला ‘बघतोयस ना’ म्हणाला, म्हणजे पुढच्या बाजूला बघण्यासारखं काहीतरी होतं आणि मागच्या बाजूच्या कुणालाच ते दिसत नव्हतं. दोन टोकांना दोरा, म्हणजे तोरण. पण पानं नसलेलं. “पाठीमागनं तोरन, पुढनं हार. तुमी समोरनं आलात, तुमाला हार दिसला.”

“हार कुनी घातला मग? कुनी हा खोडसाळपना केला?” मागचा एकजण उसळला.

भागुबाईच्या डोळ्यांपुढं खोक्यावर चढलेली नंदाबाई आली. “खोडसाळपना न्हाई. कुनीतरी चांगल्या मनानं बांधलं, वाऱ्यानं खाली आलं. नाव इचारू नका.” पवनकडंही तिनं असं पाहिलं, की त्यानं मान खाली घातली.

“आता चला हॉलवर,” ती म्हणाली. “चारला लेक त्येला घेऊन जानार. तुमी मुद्दाम आला न्हाईत असं त्येच्या डोक्यात बसलंय. बस रिकामी हाय.”

कुणी हललं नाही. आदिनाथनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. “जित्या मानसाच्या फोटोला हार घातला आमी. दिवा लावला. काल तासभर भाषनं केली. मीबी केलं. कुठल्या तोंडानं बसमदी बसू, मावशी?”

“काय बोलले लोक?”

“समदे चांगलंच बोलले. मग केरबा उठला. त्येचा वांग्याचा मळा त्या सालात पार जळाला व्हता. तो म्हनला, ‘ह्यो मला न इचारता मेला. बावीस वर्सं मी एक प्रश्न धरून बसलोय, आता इचारू कुनाला?’ आन् बसला खाली. त्यानंतर कुनाला बोलताच येईना.”

“केरबा कुटं घावंल?”

“खाचरात. पन तो न्हाई यायचा. बावीस वर्सांत त्यानं आबांचं नाव घेतलं नव्हतं.”

भागुबाई तरी खाचराकडं वळली.

५

तीन वाजले तेव्हा भिकाजीआबा सभागृहात पहिल्या रांगेत बॅग पायाशी घेऊन बसले होते. भागुबाईनं सांगितलं ते त्यांनी मान न हलवता ऐकलं. हाराचं ऐकून क्षणभर हसले, मग ते हसू विझलं.

“असं आहे होय. तुमचे उपकार झाले, भागुबाई. मनातला सल गेला. पण बॅग काही मी उघडत नाही.”

“का?”

“मेलेल्याबद्दल सगळेच चांगलं बोलतात. मी मेलो असं समजून बोलले ते. आता मी जिवंत आहे म्हटल्यावर बघा, एक तरी आला का बसमध्ये? ठरवून माघारी गेले नाहीत, एवढंच कळलं. मी त्यांना हवा आहे, हे कुठं कळलं?”

एका परीनं त्यांचं बरोबर होतं.

“समदे न्हाई बोलले चांगलं,” दारातून आवाज आला.

अंगावर भाताचा भुसा, पायांना चिखल, तसाच खाचरातून टेम्पो धरून आलेला केरबा आत आला. आबा उठून उभे राहिले. बावीस वर्षांनी दोघं एकमेकांना बघत होते. कुणी पुढं झालं नाही. केरबानं रांगेच्या दुसऱ्या टोकाची खुर्ची ओढली आणि बसला.

“भाषन करनार व्हतास ना? कर. आलोय.”

“एकट्यासाठी?”

“मळा एकट्याचा जळला न्हाई, पन मला माझाच ठावा हाय. कर सुरू.”

आबा व्यासपीठावर चढले नाहीत. खालीच उभं राहून त्यांनी कागद उघडला. टंचाईचा उन्हाळा, ग्रामसभा, ठराव, कुठली आकडेमोड चुकली, कुणाला भरपाई द्यायला हवी होती. दारात गाडी थांबली. आबांची लेक आत आली आणि त्या एकशे वीस खुर्च्या पाहून थबकली.

“मावशी, ऐकणारे कुठायत?” तिनं भागुबाईला हळूच विचारलं.

“त्यो काय, बसलाय.”

केरबानं हात वर केला, शाळेतल्या पोरानं करावा तसा. “ठराव बरोबर व्हता, भिका. पानी नसतं तर लेकरं मेली असती. त्ये मी कवाच मान्य केलंय. माझा प्रश्न दुसरा हाय. बाकीच्यांच्या घरी तू मानूस पाठवलास, सांगून स्टार्टर काढले. माझा स्टार्टर मी तळेगावच्या बाजाराला गेल्यावर नेलास. आपुन एका ताटात जेवत व्हतो. मला का न्हाई इचारलंस?”

आबांनी हातातला कागद पाहिला. दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. मागच्या दाराशी उभ्या भागुबाईलाही वाटलं, की आपण इथं नसावं.

“हे यात लिहिलेलं नाही,” आबा म्हणाले.

“मंग कुटं लिवलंय?”

“कुठंच नाही. उभ्या उभ्या सांगता येण्यासारखं नाही ते. घरी ये. सांगतो.”

“कुठल्या घरी? बडोद्याच्या?”

आबांनी लेकीकडं पाहिलं. लेकीनंही वडलांकडं पाहिलं, आणि पायाशी ठेवलेल्या बॅगेकडं.

“माझ्या,” आबा म्हणाले.

साडेचारला बस निघाली. लेकीची गाडी मागून येणार होती, रात्रीपुरती. भागुबाई फाटकाशी उभी होती. एका बाजूच्या खिडकीशी आबा बसले होते, बॅग मांडीवर घेऊन. दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी केरबा. दोघंही बाहेर बघत होते.

“आबा, केरबातात्या, जवळ बसा की दोघं,” पवननं गियर टाकता टाकता ओरडून सांगितलं. “बस मोकळी हाय!”

“उत्तर आलं की बसतो,” केरबा म्हणाला.